भिंत सुकण्याआधी

गेल्या महिन्यात बोथच्या फाट्यावर बसची वाट पाहत उभी होते. हमरस्त्याच्या कडेला एक नवं जेवणघर उभं राहत होतं. शहरातून येणाऱ्या गाड्यांना थांबावंसं वाटेल असं, मुद्दाम खेड्यातल्या घरासारखं. आत सिमेंटचे खांब आणि त्यांना बाहेरून मातीचा लेप. दोन बाया साड्या गुडघ्यापर्यंत खोचून खड्ड्यातला चिखल तुडवत होत्या. त्या चिखलात गव्हाचं कुटार म्हणजे भुसकट होतं, शेण होतं, आणि चार-पाच दिवस भिजून आंबलेल्या मातीचा वास होता. जरासा आंबट, जरासा गोडसर, सकाळी गोठ्याच्या कोपऱ्यात दरवळतो तसा. शेजारी उभी असलेली एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "किती छान वास आहे ना, मॅडम?" मी मान हलवली. वास छानच होता. पण माझी बस आली, थांबली, निघूनही गेली, आणि मी जागची हलले नाही. मुलगी चढली तेव्हा तिनं खिडकीतून माझ्याकडे नवलानं पाहिलं. मला तिला सांगता आलं नसतं की या वासाशी माझं एक जुनं वैर आहे, आणि त्यात सगळा अपराध माझ्याच बाजूचा आहे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पैनगंगेच्या अलीकडे, भीमपूरच्या बाजूला आमचं गाव. वडिलांचं किराण्याचं छोटं दुकान, मागे वांगी-मिरचीचा मळा. नदीपलीकडे महाराष्ट्र आणि अलीकडे आंध्र. आम्ही घरात मराठी बोलायचो आणि कागदावर सही तेलुगूत करायचो. शिकायला म्हणून मी आदिलाबादला आले आणि चर्चच्या मागच्या मुलींच्या वसतिगृहात राहू लागले. तिथं सगळ्या मुली तेलुगू बोलणाऱ्या. माझी तेलुगू बाजारात ऐकून शिकलेली, लिंग-वचनाचा पत्ता नसलेली. मी तोंड उघडलं की कोणीतरी हसायचं. त्यात दुष्टावा नव्हता, पण वर्षभर रोज हसलं गेलं की माणूस तोंड उघडण्याआधी शब्द तपासून घ्यायला लागतो, आणि मग हळूहळू बोलायचंच सोडतो. मी बरीचशी मुकी झाले होते.

रविवारी दुपारी चर्चमधला तरुण मुलामुलींचा मेळा भरे. आमचं घर माळकरी. मी ख्रिस्ती नव्हते, होणारही नव्हते. तसं मला कोणी कधी विचारलंही नाही. मी जायची ती पेटीच्या सुरासाठी. गाण्यात चूक काढायला कोणाला सवड नसते. तो मेळा चालवणारा एक शाळामास्तर होता, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, गोदाकाठच्या कुठल्याशा गावचा. सगळे त्याला अन्ना म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. उंच, सावळा, हसताना डोळे बारीक करणारा. माझ्या तेलुगूला न हसणारा तो तिथला एकटा माणूस होता. मी अडखळले की तो थांबायचा, मला हवा तो शब्द सापडेपर्यंत वाट पाहायचा. एवढ्याशा सौजन्यानं त्या वयात माणूस किती बांधला जातो! त्यानं मला शाबास म्हणावं म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं. पुढे मी जे केलं ते त्याच्याचसाठी केलं, अशी माझी मी बरीच वर्षं समजूत घालत होते.

त्या वैशाखात वावधन आलं. आमच्याकडे वादळाला हाच शब्द आहे. उन्हाळ्याच्या शेवटी भर दुपारी आभाळ तांबूस होतं आणि वारा शेतातली धसकटंसुद्धा उपटून नेतो. पण तसलं वावधन म्हाताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. नदीकाठच्या एका गावातून ते सरळ रेषेत गेलं, वखर चालवावा तसं. चाळीसेक घरांपैकी बावीस-तेवीस घरांची छपरं उडाली, पाचांच्या भिंतीही राहिल्या नाहीत. आंब्याची झाडं मुळासकट आडवी झाली. मेळ्यात बातमी आली तेव्हा अन्ना म्हणाला, आपण जायचं. आठ दिवस. ज्यांचं काहीच उरलं नाही अशा तीन घरांच्या भिंती आपल्या हातांनी उभ्या करायच्या, वर पत्र्याच्या टिना टाकायच्या आणि परत यायचं. मग त्यानं मागच्या रांगेकडे पाहिलं. "ते गाव मराठी बोलतं," तो म्हणाला, "तू आलीस तरच आपल्याला जाता येईल." चौदा माना माझ्याकडे वळल्या. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या भाषेची कोणाला तरी गरज पडली होती. मला आठवतं, माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो. तांदळाची पोती, फावडी, दोर, जुने कपडे, आणि एका फडक्यात गुंडाळलेली पेटी. गाव दिसलं तेव्हा गाणं आपोआप थांबलं. घरांना छप्पर नसलं की ती किती लहान दिसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. आतल्या चुली, कोनाडे, भिंतीवर हळदीनं काढलेली बोटं, सगळं उघडं आभाळाखाली पडलेलं. कोणाच्या अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं तसं. एका बाभळीला कोणाचं तरी लुगडं गुंडाळलं गेलं होतं आणि दहा दिवस झाले तरी ते कोणी काढलेलं नव्हतं. लोक आमच्याकडे पाहत उभे राहिले. ना आनंद, ना राग. दुःखानं थकलेल्या माणसांना पाहुण्यांचाही शीणच होतो, हे समजायला मला पुढे खूप वर्षं लागली.

तीन घरांतलं एक माझ्या वाट्याला आलं. त्या घरात नवरा-बायको दोघंच. एक मुलगी होती, ती नदीपलीकडे दिलेली. बाई पन्नाशीची, काटक, दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जाणारी. तिला मी मावशी म्हणू लागले. तिच्या नवऱ्याला सारं गाव आबाजी म्हणे म्हणून मीही आबाजीच म्हटलं. नात्यांचा मेळ बसत नव्हता, पण त्या दोघांनी तो चालवून घेतला. आबाजींना दोन वर्षांपूर्वी लकवा झालेला, उजवं अंग गेलेलं. दिवसभर ते लिंबाखाली बाजेवर पडून असत. जिभेवरही थोडा परिणाम झाला होता. शब्द तोंडातून सांडल्यासारखे यायचे. गावातल्याच लोकांना ते नीट समजत नव्हते, तर तेलुगू बोलणाऱ्या आमच्या पोरांना काय समजणार? मला मात्र पहिल्याच दिवसापासून त्यांचा शब्दन् शब्द कळू लागला. आणि मला कळलं ते हे की हा माणूस उभ्या आयुष्यात एकच काम करत आला होता. पंचक्रोशीतल्या मातीच्या भिंती त्यांनी घातल्या होत्या. वावधनात पडलेली त्यांची स्वतःची भिंत त्यांच्या बापानं घातलेली होती. त्यांनी घातलेल्या भिंती गावात अजून उभ्या होत्या, आणि मावशी मला त्या बोटानं दाखवायची.

पहिल्या दिवशी पोरांनी जवळच्याच वावरातली माती खणून आणली, त्यात कुटार घातलं, पाणी ओतलं आणि हसत-खिदळत तुडवायला सुरुवात केली. आबाजी बाजेवरून पाहत होते. डाव्या हातानं त्यांनी मला खूण केली.

"पोरी, हे काळी माती हाय," ते म्हणाले. "काळी भिंतीले चालत नाई. उन्हानं फाटते, पान्यानं फुगते. पांढरीची आना."

पांढरी म्हणजे गावाची जुनी वस्ती जिथं होती ती टेकाडाची जागा. मी धावत जाऊन अन्नाला सांगितलं. त्यानं लगेच काम थांबवलं. पण पांढरी गावापासून अर्ध्या कोसावर. ती खणायची, ट्रॉलीत भरायची, परत भिजत घालायची. त्यात दोन दिवस गेले. तुडवलेला सगळा चिखल फेकून द्यावा लागला. पोरांच्या तळहातांना फोड आले होते. संध्याकाळी जेवताना एक मुलगा मला म्हणाला, "उद्या आबाजी म्हणतील माती हैदराबादहून आणा, आणि तू ते आम्हाला सांगशील." सगळे हसले. अन्ना हसला नाही, पण तो थकलेला होता आणि त्या दिवशी त्यानं त्या मुलाला गप्पही केलं नाही. मी ताटातल्या भाताकडे पाहत राहिले. जे हसू वर्षभर सोसलं होतं तेच पुन्हा समोर होतं, आणि या वेळी ते माझ्या मायबोलीमुळे आलं होतं.

नवी माती दोनच दिवस भिजली आणि पाचव्या दिवशी भिंत चढायला लागली. रविवारी सकाळी शहरातून पास्टर आणि काही वडीलधारी मंडळी येणार होती. घरांपुढे प्रार्थना होणार, घरं धन्यांच्या हवाली होणार आणि दुपारी आम्ही परतणार. म्हणजे उणेपुरे तीन दिवस हातात. पोरांनी दोन्ही बाजूंनी फळ्या लावल्या आणि मधे मातीचे गोळे रचत गेले. सकाळी हातभर, दुपारी आणखी हातभर. भिंत डोळ्यांदेखत वाढत होती आणि ते पाहण्यात खरोखरच आनंद होता. शिकलेल्या पोरांनी हातानं काही उभं करण्यातला आनंद असा असतो की त्यात शंका घालणारा माणूस वैरी वाटतो.

त्या दुपारी आबाजींनी पुन्हा मला बोलावलं. या वेळी खुणेनं नाही, आवाज देऊन. मी जवळ जाऊन बाजेपाशी बसले. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"माय, आयक. त्याहिले सांग. हातभर थर झाला का त्याले चार-पाच रोज ऊन खाऊ द्या लागते. ओल्यावर ओलं नोका चढवू. वरतून सुकलेली दिसते, पोटात ओलीच राह्यते. झडीचं पानी लागलं का बसते खाली."

मी म्हटलं, "आबाजी, पण रविवारी जायाचं हाय आमाले."

ते जरा थांबले. शब्द गोळा करत होते. "मंग असं करा. टाइम नसन तं कंबरेइतकीच घाला. वरतं पऱ्हाटीचा कूड करू. मावशीले येते लिपता. कूड पडला तरी मानूस मरत नाई."

इतकं साधं होतं ते. खाली कंबरेइतकी माती, वर कपाशीच्या काड्यांचा हलका कूड. गावात निम्मी घरं तशीच होती. त्यांनी आमच्यापुढे वाट काढून ठेवली होती.

अन्ना भिंतीवरून ओरडला, "एमंटुन्नारु?" काय म्हणतात ते? त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत माती होती. त्याच्यामागे बाकीची पोरं थांबून माझ्याकडे पाहत होती. जेवताना बोललेला तो मुलगाही, ओठांवर हसू तयार ठेवून. मी उठून उभी राहिले. मला आठवतं की मी वाक्य तेलुगूत जुळवत होते. थर, सुकणे, पोटात ओल. यातल्या पोटातल्या ओलीला मला शब्द सापडत नव्हता. पण तेवढ्यानं अडलं असतं असं नाही. मोडकंतोडकं का होईना, मी सांगू शकले असते. अन्ना थांबला असता. तो नेहमीच थांबायचा.

मी म्हणाले, "ते म्हणतात, भिंत छान सरळ आली आहे."

पोरांनी आरोळी ठोकली. अन्नाचे डोळे हसून बारीक झाले आणि त्यानं तिथूनच मातीचे हात जोडून आबाजींना नमस्कार केला. आबाजींनीही डावा हात कपाळाला लावला. आपला निरोप पोचला, मास्तरनं मान्य केला, असं त्यांना वाटलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला. आणि मग पोरांनी पुढचा थर चढवायला घेतला. मी तिथून पाणी आणण्याच्या निमित्तानं निघून गेले. परत आले तेव्हा आबाजी भिंतीकडे पाहत होते. मला त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तीन घरं उभी होती. पांढऱ्या मातीच्या ताज्या भिंती, वर उन्हात चकाकणाऱ्या टिना, टिनांवर दगड. पेटी वाजली, प्रार्थना झाली, मी ती वाक्यावाक्यानं मराठीत सांगितली. "हे घर या कुटुंबाला निवारा होवो" हे मराठीत म्हणणारी मीच होते. पोरांनी आबाजींची बाज उचलून आत नेली आणि मागच्या भिंतीला लागून ठेवली. तिथं वारा कमी लागतो म्हणून ती जागा मावशीनंच सांगितली. निघताना मी आत गेले. आबाजी भिंतीवर डावा तळवा ठेवून पडले होते. वैद्य जसा आजाऱ्याच्या पोटावर हात ठेवतो तसा. मी पाया पडले. ते म्हणाले, "शिकजो, माय. खूप शिकजो."

पावसाळा लागला. सुरुवातीला सरी आल्या, थांबल्या, ऊन पडलं. मी वसतिगृहाच्या खिडकीतून आभाळ पाहायची आणि मनाला समजवायची की म्हातारी माणसं उगीच भितात. मग श्रावणात झड लागली. चार दिवस सूर्य दिसला नाही. ती धो धो नव्हती. बारीक, एकसारखी, वाऱ्याबरोबर तिरपी येणारी. अशा पावसाचं गाणं करणारे खूप असतात. मी त्या चार दिवसांत अन्नाच्या शाळेपर्यंत दोनदा जाऊन फाटकावरून परत आले.

पोळ्याच्या आधीच्या बाजाराला मावशी आदिलाबादला आली आणि मला शोधत वसतिगृहात पोचली. कपाळ मोकळं होतं. पायरीवर बसली आणि आधी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

"गेले वं माय, तुहे आबाजी," ती म्हणाली.

झडीच्या चौथ्या दिवशी सकाळी ती पाण्याचा गुंड घेऊन विहिरीवर गेली होती. "येऊन पाह्यलं तं मांगची भिंत नाई. उजेड दिसून राह्यला घरात. बाज तिथीच, अन् तिच्यावर हे येवढी माती. लोकायनं फावडे आनले. मी हातानंच काढली. ओली होती माय, लोन्यावानी ओली. आतून सुकलीच नोयती."

ती रडत नव्हती. रडून झालं होतं. मग तिनं माझा हात हातात घेतला. "बुढा म्हनत होता, पोरीनं सांगतलं होतं त्याहिले, मी पाह्यलं सांगताना. पन त्याहीनंच आयकलं नाई, घाई होती त्याहिले. तू काऊन रडतं? तुहा काय दोष? त्या तेलंग्याहिले काय समजते आपल्या मातीतलं!"

तेव्हा मी सांगू शकले असते. आबाजींचं मत तिच्या तोंडून मला मिळालं होतं. त्यांनी मला शेवटपर्यंत खरं मानलं होतं. मी तो खोटा विश्वास घेतला, मुठीत धरला, आणि रडत राहिले. ती मला समजावत राहिली.

त्याच संध्याकाळी मी अन्नाला जाऊन सांगितलं, की आबाजी भिंतीखाली गेले. माती आतून ओली होती. तो शाळेच्या ओसरीत वह्या तपासत होता. त्यानं हातातली वही मिटली. मग अगदी हळू म्हणाला, "आपल्याला कोणी सांगितलं का नाही? आख्खं गाव पाहत होतं. एकानं जरी सांगितलं असतं तर मी थांबलो असतो." आणि तो माझ्याकडे पाहू लागला, संशयानं नाही, मी अडखळले की पाहायचा तसा, वाट पाहत. मी म्हणाले, "त्यांना संकोच वाटला असेल." ते माझं दुसरं खोटं. पहिल्याला मी घाई म्हणू शकते, लाज म्हणू शकते, वय म्हणू शकते. दुसऱ्याला माझ्याकडे नाव नाही.

पाऊस उघडल्यावर तो त्या गावाला निघाला. मला चल म्हणाला. मी परीक्षेचं कारण सांगितलं. तो एकटाच गेला, त्याच्या मोडक्या हिंदीच्या जोरावर. बाकीच्या दोन घरांच्या भिंती त्यानं गावकऱ्यांच्या मदतीनं कंबरेपर्यंत उतरवल्या, वर कूड घातला, आणि मावशीची मागची भिंत शिकून-विचारून, थराथरानं नव्यानं घातली. तीन आठवडे तो तिथं होता. परतल्यावर त्यानं मेळा सोडला. रविवारी तो शेवटच्या बाकावर येऊन बसे आणि गाणं सुरू झालं की उठून जाई. पुढच्या वर्षी त्यानं दूर बदली मागून घेतली. जाताना मला भेटला, माझी तेलुगू आता छान झाली आहे असं म्हणाला. खरंच झाली होती.

मग माझं आयुष्य सुरळीत चाललं. हे सांगायलाही संकोच होतो, पण तसंच झालं. मी शिकले, मराठी शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलं झाली. सरकारी बैठकांत दोन्ही भाषा येणारी म्हणून मला बोलावणं येऊ लागलं. तहसीलमधले अधिकारी बोलत आणि मी गावकऱ्यांना सांगे; गावकरी बोलत आणि मी अधिकाऱ्यांना सांगे. सगळे म्हणायचे, बाई एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत. खरं होतं ते. मी शिव्यासुद्धा भाषांतरित करत असे. एकदा एक साहेब चिडून म्हणाले, एवढं सांगायची गरज नव्हती. मी त्यांना म्हटलं, गरज होती की नव्हती हे ठरवणारी मी कोण? त्यांना तो उद्धटपणा वाटला. एका वाक्याची भरपाई हजार वाक्यांनी होईल असा हिशेब मी मनाशी मांडला होता, आणि तो कधी जमत नव्हता. झड लागली की माझं मनगट दुखायचं. आबाजींनी धरलं होतं ते.

त्या झडीनंतर दहा वर्षांनी मी मावशीच्या गावी गेले. नव्वदचं दशकही संपत आलं होतं. मनाशी म्हणत होते की मावशीचा हक्क आहे. तिच्या नवऱ्याचा शेवटचा खरा शब्द कुठं अडला हे तिला कळलं पाहिजे. आज वाटतं, त्या विचारात हक्क हा शब्द मी फारच ऐटीत वापरत होते. हिवाळ्याची सकाळ होती. गावात आता सिमेंटची घरं दिसत होती, पण तिचं घर तेच होतं. अन्नानं घातलेली भिंत उभी होती. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. खूप म्हातारी झाली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला, पण ओळखलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मी तिथूनच परत फिरायला हवं होतं.

मी बसले आणि सांगितलं. सगळं. आबाजी काय म्हणाले, अन्नानं काय विचारलं, मी काय सांगितलं. मावशीचे हात थांबले नाहीत. शेंग उचलायची, सोलायची, दाणे सुपात टाकायची. माझं बोलून झालं तेव्हा ती म्हणाली, "तं तू सांगतलंच नोयतं."

"नाही."

"त्याहिले मालूमच नोयतं."

"नाही, मावशी."

आता हात थांबले. "तो मास्तर आला होता," ती म्हणाली. "माह्या पायाजवय बसून रडला. हिंदीत काय काय म्हने. मी त्याले म्हनलं, उठ इथून. तीन हप्ते भिंत बांदून राह्यला तो उन्हात, अन् मी त्याले पानी बी नाई देलं. एक डाव बी नाई देलं." ती भिंतीकडे पाहत होती. "कुठी हाय तो आता?"

"मला माहीत नाही."

कोंबड्या सुपाशी आल्या होत्या. तिनं त्यांना हाकललं नाही. मी वाट पाहत होते की ती मला शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या. त्यासाठीच गेले होते म्हणा ना.

"काऊन सांगून राह्यली आता?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. "दहा वर्सं मी त्या मानसाले शिव्या देल्या. शिव्या द्याले कोनी होता म्हनून दिस निंगाले माहे. तू आता सांगून मोकयी होशीन. मी हे कुठी ठेवू?"

ती उठली, सूप कमरेला लावलं आणि घरात गेली. दार तिनं ओढून घेतलं नाही, पण मला आत ये असंही म्हणाली नाही. बराच वेळ अंगणात बसून मी निघाले.

त्यानंतर मी त्या गावाला गेले नाही. मावशी आता नसावी. तिच्या मनात शेवटी काय राहिलं, ज्याला तिनं पाणी दिलं नाही तो माणूस, की जिला आपली पोर मानलं ती मी, हे कळायला आता मार्ग नाही. अन्नाचा पत्ता मी पुष्कळ ठिकाणी विचारला. त्याच्या जुन्या शाळेत, चर्चमध्ये, गोदाकाठच्या दोन गावांत. कोणी म्हणालं समुद्राकडच्या जिल्ह्यात गेला, कोणी म्हणालं नोकरी सोडली. असला तर तो आता साठीच्या पुढे असेल. काळ माणसाच्या हातून पुष्कळ गोष्टी काढून घेतो असं म्हणतात. मला उलटा अनुभव आहे. त्यानं सगळं जिथल्या तिथं ठेवलं, फक्त ज्यांना ते देता आलं असतं ती माणसं काढून घेतली. कुठल्याशा गावात, कुठल्याशा ओसरीवर एक म्हातारा मास्तर अजूनही स्वतःला विचारत असेल, आपल्याला कोणी सांगितलं का नाही. त्याचं उत्तर मी आज पहिल्यांदाच पुरतं लिहून काढलं आहे, आणि ते मला माझ्या मराठीतच लिहिता आलं. त्याला ती वाचता येत नाही.